वाइन चाखावी कशी आणि टिपून ठेवावी कशी

वाइनबद्दल कुतूहल असलेल्या, पण अजून चार-दोन पेल्यांपलीकडे न गेलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. दोन पांढऱ्या आणि दोन लाल अशा चार बाटल्या, दोन संध्याकाळी आणि एक वही एवढ्या सामग्रीवर चाखण्याची रीत अंगी बाणवता येते. गेल्या महिन्यात आम्ही चौघा मित्रांनी असाच क्रम पाळून नाशिक परिसरातल्या चार वाइन चाखल्या. त्या टिपणांचा आधार घेऊनच पुढची प्रत्येक पायरी सांगतो आहे. वाइनचे वर्णन आपल्या जिभेला आणि नाकाला ओळखीच्या असलेल्या शब्दांतच करावे, हा माझा आग्रह आहे. बाटलीच्या मागच्या कागदावर ‘गूजबेरी’ आणि ‘ब्लॅककरंट’ लिहिलेले असते. ज्याने ती फळे कधी तोंडात घातली नाहीत त्याने ते शब्द वहीत उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. आवळा, पेरू, करवंद, जांभूळ, आमसूल आणि मिरी यांचा साठा आपल्यापाशी आहेच.

बाटल्यांची निवड

पांढऱ्यांत एक सोविन्यों ब्लां आणि एक शेनिन ब्लां, लालमध्ये एक शिराझ आणि एक कॅबर्ने सोविन्यों, अशी जोडी घ्यावी. द्राक्षाच्या या चारही जाती नाशिक भागात लावल्या जातात, त्यांच्या वाइन शहरांतल्या दुकानांत सहज मिळतात, आणि एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की नवख्यालाही फरक जाणवतो. २००० साली सुला वायनरीने आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्या सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां याच होत्या. दोन्ही जाती मूळच्या फ्रान्समधल्या. शेनिनचे घर म्हणजे लुआर नदीचे खोरे. अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली वायनरीने लावलेली सांजोवेझे ही इटालियन लाल जातही चाखण्याजोगी आहे, पण ती दुसऱ्या फेरीसाठी राखावी.

बाटली घेताना सर्वांत आधी साल पाहावे. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि द्राक्षे शरद ऋतूत उतरतात. आपल्याकडे वेलाला तशी झोप मिळत नाही, म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री घडांना आंबटपणा टिकवायला मदत करतात. बाटलीवरचे साल हे या तोडणीचे साल असते. आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच चांगल्या लागतात, म्हणून दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली विशेष कारण असल्याखेरीज घेऊ नये. लाल वाइनला थोडी अधिक सवलत द्यायला हरकत नाही.

साल पाहून झाले की बाटली दुकानात कुठे ठेवली होती ते पाहावे. मी एकदा रस्त्याकडेच्या एका दुकानातून, काचेच्या कपाटात उन्हाला तोंड करून उभी असलेली बाटली केवळ सवलतीच्या मोहाने उचलली होती. ती उघडल्यावर फळाचा वास नावाला नव्हता, शिजवून काळवंडलेल्या मनुकांसारखे काहीतरी नाकात भरले. उष्णता आणि उजेड हे वाइनचे शत्रू आहेत, आणि आपल्या हवेत ते दोघेही बाराही महिने हजर असतात. महाराष्ट्रात मद्यसेवनाला परवाना लागतो आणि वयाची अट आहे, या दोन्ही गोष्टींची पूर्तता खरेदीच्या वेळीच करून घ्यावी.

टेबलाची तयारी

साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीतून पन्नास-पन्नास मिलिलिटरचे पंधरा वाटे होतात, म्हणजे चाखण्यासाठी चारजणांना एक बाटली भरपूर होते. एका संध्याकाळी दोन पांढऱ्या आणि दुसऱ्या संध्याकाळी दोन लाल असे करावे. चारही एकदम उघडल्या तर तिसऱ्या पेल्यानंतरच्या टिपणांवर विश्वास ठेवता येत नाही.

पेला पातळ काचेचा, पोट फुगीर आणि तोंड आत वळलेले असा हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. चाखण्याच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ साली ठरले, त्याची धारणक्षमता सुमारे २१५ मिलिलिटर आहे. तंतोतंत तसाच नसला तरी चालेल, मात्र सर्वांचे पेले एकसारखे असावेत आणि त्यांना भांडी घासायच्या साबणाचा वास नसावा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, म्हणून तो नको.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या जुन्या दगडी घरांतून आलेला आहे. मे महिन्यातल्या पुण्यातल्या खोलीला तो लागू करणे म्हणजे वाइन कोमट करून पिणे होय. लाल वाइन सोळा ते अठरा अंश सेल्सिअसला ठीक लागते, म्हणून उघडण्यापूर्वी पाऊण तास ती फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आठ ते बारा अंशांवर हवी. ती तीन तास फ्रिजमध्ये ठेवून चाखण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी. फार गार वाइनचा वास दबतो आणि आंबटपणा तेवढा टोचत राहतो, तर फार उबदार वाइनमध्ये अल्कोहोलच वर येते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी नको, देवघरात उदबत्ती लावली असेल तर दार ओढून घ्यावे, केसांत मोगरा किंवा मनगटावर अत्तर नको, आणि आधीच्या तासाभरात चहा, सुपारी किंवा पान खाऊ नये. टेबलावर पाणी, साध्या पावाचे तुकडे आणि थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक तांब्या ठेवावा. थुंकणे आपल्याला अवघड वाटते, पण चाखण्याच्या कामात ते शिष्टसंमत आहे, आणि नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये जाऊन एका बैठकीत पाच-सहा वाइन चाखणाऱ्याला तर त्यावाचून गत्यंतर नाही. तिथे जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी, हे वेगळे सांगायला नको.

तयारीतला सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे वाट्या. पहिल्या संध्याकाळी पाच लहान वाट्यांत पेरूची फोड, हिरव्या ढोबळ्या मिरचीचा तुकडा, चिरलेला आवळा किंवा कैरी, लिंबाची साल आणि थोडा मध ठेवावा. दुसऱ्या संध्याकाळी भरड कुटलेली काळी मिरी, लवंग, आमसूल, काळ्या मनुका, आणि हंगाम असेल तर जांभूळ किंवा करवंद. वाइनमधला वास ओळखीचा वाटतो पण नाव सुचत नाही, अशी वेळ दर पाच मिनिटांनी येते. तेव्हा एकेक वाटी नाकाशी नेऊन पाहिली की नाव सापडते. आमच्या चौघांपैकी ज्याने ‘मला काही कळत नाही’ म्हणून सुरुवात केली होती, त्यानेच वाट्यांच्या साहाय्याने सर्वांत जास्त वास ओळखले.

पाहणे

पेल्यात दोन बोटे वाइन ओतावी आणि तो पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस रंगहीनच असतो. लाल रंग सालीतून येतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत जाते, लाल मात्र फिकट होऊन विटकरी छटेकडे झुकते. ताज्या सालाची पांढरी वाइन तपकिरी दिसली तर शंका घ्यावी. पेल्याच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून वाइन किती भारी आहे ते सांगणारे लोक भेटतात. ते ओघळ प्रामुख्याने अल्कोहोलमुळे होतात आणि दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत.

रंगावर याहून जास्त वेळ घालवू नये, कारण डोळा फसवतो. फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एका पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती हुंगायला दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ते विद्यार्थी अडाणी नव्हते, उलट शिकलेले होते, म्हणूनच लाल रंगाबरोबर येणारे शब्द त्यांच्या तोंडात तयार होते. यासाठी निदान एक फेरी डोळे मिटून करावी.

हुंगणे

पेला न हलवता एकदा हुंगावा, मग बुंध्याशी धरून टेबलावरच गोल फिरवून पुन्हा हुंगावा. श्वास लहान घ्यावा. नाक लवकर थकते. तसे झाले की स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, अर्ध्या मिनिटात ते पूर्ववत होते. सुचलेला पहिला शब्द लगेच लिहावा आणि इतरांना सांगू नये, कारण एकाने मोठ्याने ‘पेरू’ म्हटले की उरलेल्या तिघांनाही पेरूच लागतो.

आमच्या सोविन्यों ब्लांचा पहिला वास हिरवा होता: चिरलेली ढोबळी मिरची आणि नुकते कापलेले गवत. हे कविकल्पनेने लिहिलेले नाही. या जातीत मेथॉक्सिपायराझिन नावाची संयुगे असतात आणि ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारी संयुगेही त्याच कुळातली आहेत. द्राक्ष जसे पिकते तशी ती कमी होतात, म्हणून उबदार प्रदेशात हा हिरवेपणा सौम्य असतो आणि त्याच्यामागून पेरू येतो. आमच्या वाइनमध्ये पेला फिरवल्यावर कच्चा, कडक, पांढऱ्या गराचा पेरू स्पष्ट आला. पिकून मऊ पडलेला नव्हे.

शेनिन ब्लां त्या मानाने लाजरी निघाली. न हलवता जवळजवळ काहीच नाही. फिरवल्यावर नासपती, थोडा पिकलेला पेरू आणि तळाशी मधाची पुसट जाणीव. दहा मिनिटांनी थंडी ओसरल्यावर मध वाढला. आधीचे टिपण खोडू नये, त्याखाली वेळ घालून नवे लिहावे.

घोट घेणे

चमचाभर वाइन तोंडात घेऊन ती सगळीकडे फिरवावी, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी, आणि पाच-सहा सेकंदांनी थुंकावी किंवा गिळावी. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा शाळेच्या पुस्तकात आपण पाहिलेला असतो; तो चुकीचा आहे, चवी जिभेवर सर्वत्र कळतात. म्हणून घोट आख्ख्या तोंडात फिरवणे महत्त्वाचे.

चार प्रश्न क्रमाने विचारावेत. साखर जाणवते का? आंबटपणा किती? तुरटपणा किती? आणि वाइन गेल्यावर चव किती वेळ टिकते? पहिल्या प्रश्नात भाषेचा एक सापळा आहे. ज्या वाइनमधली जवळजवळ सगळी साखर आंबवण्यात संपली तिला ‘ड्राय’ म्हणतात, आणि त्याचे ‘कोरडी’ असे भाषांतर वाचून नवखा माणूस तोंड कोरडे पडण्याची वाट पाहतो. तोंड कोरडे पाडतो तो तुरटपणा. त्याचा साखरेशी संबंध नाही. ‘ड्राय’ म्हणजे केवळ गोड नसलेली, एवढेच ध्यानात ठेवावे.

आंबट आणि तुरट यांची गल्लत तर जवळपास प्रत्येकजण करतो, आणि ती सोडवणे हा या दोन संध्याकाळींचा खरा लाभ आहे. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, तुरटाने असलेले पाणी आटते. घोट गेल्यावर तोंड किंचित उघडे ठेवून मान खाली घालावी: जबड्याखालून लाळ जमू लागली तर आंबटपणा जास्त, हिरड्या आणि गालांची आतली बाजू खरखरीत वाटली तर तुरटपणा. आपल्या षड्रसांत तुरट हा स्वतंत्र रस मानलेला आहे. आधुनिक शरीरशास्त्र त्याला चव न म्हणता स्पर्श म्हणते, कारण सालीतले आणि बियांतले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते आणि तोंडातले वंगणच कमी होते. पण नाव काहीही असो, कच्चे केळे आणि सुपारी चघळलेल्या माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही.

लाल वाइन उघडण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. बिनदुधाचा कोरा चहा एका कपात तीन मिनिटे आणि दुसऱ्यात दहा मिनिटे मुरवावा आणि दोन्ही कोमट करून चाखावेत. दोहोंतला जो फरक तो तुरटपणाचा. मग दुसऱ्या कपात दोन चमचे दूध घालावे. दुधातले प्रथिन त्या तुरटपणाला बांधते आणि चहा एकदम मवाळ होतो. मटण किंवा चीज यांच्याबरोबर तुरट लाल वाइन सौम्य वाटते, तेही बरेचसे असेच. प्रयोगानंतर मात्र पाव, पाणी आणि तासाभराची विश्रांती हवी.

सोविन्यों ब्लांच्या घोटाबद्दल माझ्या वहीत असे आहे: ‘गोडी नाही. आंबटपणा लिंबाचा नव्हे, आवळ्याचा. वर पाणी प्यायल्यावर गोडसर वाटले. चव सात-आठ सेकंद.’ शेनिनबद्दल: ‘घोटाच्या सुरुवातीला गोडी आहे, पण आंबटपणा तिला धरून ठेवतो. सरबतासारखी पडत नाही.’ बाजारात सहज मिळणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये अशी थोडी साखर मुद्दाम राखलेली असते, आणि हिणवण्याजोगे त्यात काही नाही. तिखट जेवणाबरोबर तीच उपयोगी पडते. मिरचीचा दाह अल्कोहोल आणि तुरटपणा यांनी वाढतो, गोडीने शमतो. तांबड्या रश्श्याबरोबर भारदस्त लाल वाइन घेऊन बसणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते.

दोन लाल

शिराझ पेल्यात जांभळट आणि कडेपर्यंत गडद होती. वास पिकलेल्या जांभळाचा आणि करवंदाचा, त्यामागे काळी मिरी. या मिरीवरून आमच्यात वाद झाला: तिघांना ती स्पष्ट येत होती, चौथ्याला वाटी नाकाशी नेऊनही वाइनमध्ये ती सापडेना. असे होऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, खुद्द काळ्या मिरीतही तेच असते, आणि साधारण पाचांतल्या एकाला ते हुंगताच येत नाही. दोन चाखणाऱ्यांची टिपणे जुळली नाहीत की कोणीतरी चुकला असे लगेच धरू नये, ते यासाठी. घोटात शिराझ मऊ निघाली. तुरटपणा जांभळाइतका, शेवटी थोडी लवंग आणि व्हॅनिला. लवंगेचा आणि व्हॅनिलाचा वास द्राक्षाचा नसून, वाइन ज्यात मुरवतात त्या ओकच्या लाकडी पिंपातून आलेला असतो, आणि तो फळाच्या वर चढून बसला असेल तर वहीत तसे स्पष्ट लिहावे. आमच्या बाटलीत तो हद्दीत होता.

कॅबर्ने सोविन्यों हिच्या नावातच गंमत आहे. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी जनुकीय तपासणी करून सिद्ध केले की ही काळी जात कॅबर्ने फ्रां आणि सोविन्यों ब्लां यांच्या संकरातून झाली आहे. म्हणजे आदल्या संध्याकाळची पांढरी वाइन ही हिच्या जनकांपैकी एक. हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण मी ढोबळी मिरची शोधू लागलो आणि ती मिळालीही. मात्र इथे ती भाजलेली वाटली. त्याबरोबर काळी मनुका आणि नवी पेन्सिल तासल्याचा वास. तुरटपणा शिराझच्या दुप्पट: दहा मिनिटे मुरलेल्या चहाचा. पहिल्या रात्री चौघांपैकी एकालाच ती आवडली. उरलेली अर्धी बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली, तेव्हा मनुका पुढे आली होती आणि हिरड्यांवरची खरखर बरीच ओसरली होती. म्हणून प्रत्येक बाटलीतली थोडी वाइन दुसऱ्या दिवसासाठी राखावी; दोन-तीन दिवसांपलीकडे मात्र ठेवू नये.

दोष ओळखणे

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघरातल्या बुरशीचा वास हा बुचातून येणाऱ्या दोषाचा असतो. ती बाटली बाजूला ठेवावी, हवा लागून तो वास जात नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हा दोष क्वचितच सापडतो, त्यामुळे अशा झाकणाला हलके समजू नये. शिरका किंवा नेलपॉलिश यांचा वास म्हणजे जिवाणूंनी घात केला. तळाशी साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टारिक आम्लाचे निरुपद्रवी क्षार असतात.

वही

प्रत्येक वाइनला अर्धे पान पुरते. वर तारीख, जात, साल, वायनरी, किंमत, बाटली उघडून किती वेळ झाला. खाली रंगाला एक ओळ, वासाला दोन-तीन, घोटाला दोन-तीन, आणि शेवटी ‘पुन्हा घेईन का, कशाबरोबर’ याचे उत्तर. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत परदेशी नियतकालिकांत रूढ आहे. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, कारण सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद यांत काय फरक ते त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही. ‘छान’, ‘मस्त’, ‘हलकी’ हे शब्द पहिल्या महिन्यात वहीत येऊच देऊ नयेत. ‘फळांचा वास’ असे मोघम लिहिले असेल तर कोणते फळ, आणि ते कच्चे, पिकलेले की वाळलेले, हे पुढे जोडावे.

पंधरा दिवसांनी चारांपैकी एक बाटली पुन्हा आणावी आणि वही न उघडता नवे टिपण लिहावे. मी सोविन्यों ब्लां आणली होती, त्याच सालाची. नव्या पानावर पेरू पुन्हा आला, ढोबळी मिरची आली, पण आवळ्याच्या जागी मी कैरी लिहिली होती. फ्रिजमधून काढून किती वेळ झाला होता ते मात्र पहिल्या पानावर लिहायचे राहून गेले होते, म्हणून आता तापमानासाठी वहीत वेगळा रकाना आखला आहे.